चित्रातील प्राण्यांचे खरेपण

प्रस्तावना

लहान मुलांसाठी तयार केलेली प्राण्यांची सचित्र पुस्तके आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेली असतात. आकार लहान, मजकूर अगदी थोडा आणि चित्रे ठळक असे त्यांचे स्वरूप असते. त्यामुळे त्यांच्याविषयी गंभीरपणे विचार करण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही. प्रस्तुत वैचारिक लेखात लेखकाने याच पुस्तकांचा विचार केला आहे. हा लेख वाचताना लेखकाचे मुख्य मत कोणते, त्याच्या समर्थनार्थ कोणती उदाहरणे दिली आहेत आणि विरुद्ध मताला कसे उत्तर दिले आहे, याकडे लक्ष द्या.

पाठ

मूल स्पष्ट बोलू लागण्यापूर्वीच प्राण्यांचे आवाज काढू लागते. मराठी घरात तर त्याला भरवला जाणारा एक घास चिऊचा असतो आणि दुसरा काऊचा. गाय त्याच्यासाठी 'हम्मा' असते, मांजर 'माऊ' असते आणि कुत्रा 'भू भू' असतो. घरातील माणसांच्या पाठोपाठ मुलाची ओळख होते ती प्राण्यांशी. हलणारे, आवाज करणारे, जवळ येणारे आणि चटकन दूर पळणारे हे सजीव त्याचे लक्ष वेधून घेतात. म्हणूनच अनेक भाषांत मुलांच्या हाती पडणाऱ्या पहिल्या पुस्तकांत प्राण्यांच्या चित्रांची पुस्तके असतात, यात नवल नाही.

चित्र पाहणे ही गोष्ट आपल्याला उपजत वाटते. परंतु तीही शिकावी लागते. जूडी डीलोश या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने आपल्या सहकाऱ्यांसह केलेले एक संशोधन १९९८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे नऊ महिन्यांच्या मुलांसमोर वस्तूंची हुबेहूब चित्रे ठेवली, तर ती मुले चित्रातील वस्तू बोटांनी पकडून उचलण्याचा प्रयत्न करतात, असे त्यात आढळले. अमेरिकेतील आणि पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशातील मुले याबाबतीत सारखीच वागली. दीड वर्षाच्या आसपास मात्र मुले चित्र पकडण्याचे सोडून त्याकडे बोट दाखवू लागतात. हा बदल दिसायला लहान आहे. पण 'हा वाघ नाही, हे वाघाचे चित्र आहे' ही समज त्यात सामावलेली असते. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते, हे ज्याला कळले त्यालाच पुढे अक्षर हे ध्वनीच्या जागी उभे असते, हे कळते. याचा अर्थ असा, की वाचनाची सुरुवात पाटी-पेन्सिलीपूर्वी होते, आणि पुष्कळदा ती एखाद्या प्राण्याच्या चित्रापाशी होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानलेला आहे. त्या पायातील एक महत्त्वाचा दगड म्हणजे चित्रपुस्तक होय.

असे असूनही आपल्याकडे या पुस्तकांची निवड फारशा विचाराने होत नाही. ती खेळण्यांबरोबर विकत घेतली जातात आणि खेळण्यांप्रमाणेच टाकून दिली जातात. रंग भडक आहेत ना, पान चटकन फाटत नाही ना, एवढेच आपण पाहतो. आतील प्राणी खरा आहे का, हा प्रश्न विचारला जात नाही. माझ्या मते हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला पाहिजे. ज्या वयात मूल चित्रावर पूर्ण विश्वास ठेवते, त्या वयात त्याला दिलेले चित्र त्या विश्वासाला पात्र असले पाहिजे.

या प्रश्नाचा विचार करताना चित्रातील प्राण्यांच्या दोन जुन्या परंपरा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली परंपरा आपल्या पंचतंत्राची. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना व्यवहारनीती शिकविण्यासाठी प्राण्यांना बोलते केले. करटक आणि दमनक हे नावाला कोल्हे आहेत. वस्तुतः ते राजदरबारातील मंत्री आहेत. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत फूट पडते, तेव्हा ती जंगलाची गोष्ट राहत नाही, राजकारणाची होते. पंचतंत्र पुढे अरबी भाषेत 'कलीला व दिमना' या नावाने गेले. त्याच्या सचित्र हस्तलिखितांनी अनेक देशांच्या चित्रकलेत मानाचे स्थान मिळविले. अकबराच्या काळातही त्याच्या फारसी रूपांतराच्या चित्रमय पोथ्या तयार झाल्या. या परंपरेत प्राणी हा माणसाचा मुखवटा असतो.

दुसरी परंपरा आहे प्राण्याला प्राणी म्हणूनच दाखविण्याची. योहान आमोस कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी एक सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. जगातील वस्तू आधी डोळ्यांना दाखवाव्यात आणि मग त्यांची नावे सांगावीत, असा त्याचा आग्रह होता. त्या पुस्तकातील वर्णमालाच प्राण्यांच्या आवाजांतून शिकविलेली आहे. कावळ्याच्या चित्राशेजारी त्याचा आवाज आणि त्या आवाजातील अक्षर, कोकराच्या चित्राशेजारी त्याचे बेंबेंणे आणि त्यातील अक्षर, अशी ती रचना होती. येथे कावळा कोणाचे प्रतीक नाही. तो कावळाच आहे.

या दोन्ही परंपरा मुलांना हव्यात. अडचण येते ती त्यांची सरमिसळ होते तेव्हा. 'प्राण्यांची ओळख' असे नाव देऊन जे पुस्तक मुलाच्या हाती ठेवले जाते, त्यात ओळखीऐवजी गैरसमजच भरलेले असतात. बाजारातील स्वस्त पुस्तके आणि भिंतीवर लावायचे तक्ते जरा बारकाईने पाहिले, तर याची कितीतरी उदाहरणे आढळतात. बर्फावर पेंग्विन आणि पांढरे अस्वल शेजारी शेजारी उभे असतात. प्रत्यक्षात पांढरे अस्वल उत्तर ध्रुवप्रदेशात राहते आणि पेंग्विन मुख्यतः दक्षिण गोलार्धात; त्यांची निसर्गात भेट होत नाही. कोळ्याला सहा पाय काढलेले असतात; वास्तविक त्याला आठ पाय असतात. उंटाच्या मदारीत पाणी साठवलेले असते असे लिहिलेले असते. तेथे असते ती चरबी. अंड्यांवर बसलेल्या लांडोरीलाही मोराचा पिसारा लावलेला असतो. 'कोकिळा गाते' या वाक्याशेजारी काळाभोर पक्षी काढलेला असतो. परंतु तो काळा पक्षी नर असतो आणि कुहूकुहू असा आवाजही नरच काढतो. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. 'जंगलचा राजा' सिंह घनदाट अरण्यात एकटाच बसलेला दाखवतात. आपल्या देशात सिंह पाहायचा तर गुजरातमधील गीरला जावे लागते. तेथील जंगल शुष्क पानझडीचे व खुरट्या झाडीचे आहे आणि सिंह हा कळपाने राहणारा प्राणी आहे.

चित्ता आणि बिबट्या यांची गल्लत तर नेहमीचीच. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांच्या फुलासारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके असतात. चित्त्याच्या अंगावर भरीव, सुटे ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेषा असतात. तरीही कित्येक तक्त्यांवर बिबट्याच्या चित्राखाली 'चित्ता' असे छापलेले असते. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर करण्यात आले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात आणण्यात आले, तेव्हा हा प्राणी या भूमीवर पुन्हा दिसू लागला. बिबट्या मात्र येथून कधीच गेलेला नव्हता. पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या परिसरात तो उसाच्या शेतांत वावरतो. त्या गावांतील मुलाला बिबट्या कसा दिसतो, तो केव्हा बाहेर पडतो, अंधारात एकट्याने उसाच्या कडेने का जाऊ नये, हे ठाऊक असणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. अशा मुलाला गोंडस, हसरे, चुकीच्या नावाचे मांजर दाखवून आपण त्याची काय सोय करतो?

माहितीच्या चुकीपेक्षा भावनेची चूक अधिक खोल जाते. चित्रपुस्तकांत काही प्राणी जन्मतःच दुष्ट ठरविलेले असतात. लांडगा कपटी असतो, तरस भेसूर असते, घुबड अशुभ असते, गिधाड अमंगळ असते, वटवाघूळ भुताचे सोबती असते आणि साप तर केवळ ठेचण्यासाठीच जन्मलेला असतो. मुलाच्या मनात एकदा बसलेली ही भीती आणि ही घृणा पुढे पुसली जात नाही. गिधाडाचेच उदाहरण घ्या. मेलेली जनावरे खाऊन परिसर स्वच्छ ठेवणारा हा पक्षी १९९० नंतरच्या दशकात भारतातून झपाट्याने नाहीसा होऊ लागला. गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांच्या मूत्रपिंडांवर घाला घालत होते. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी आली; पण तोवर कोट्यवधी पक्षी गेले होते. कावळा-चिमणी नाहीशी झाली असती, तर निदान लहान मुलांनी तरी विचारले असते की त्या कोठे गेल्या. गिधाडांविषयी असे विचारणारी मुले फारशी नव्हती, कारण त्यांना या पक्ष्याविषयी माया वाटेल असे काही आपण कधी दाखविलेच नव्हते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. मुलांचे जग कल्पनेचे असते. त्यांच्या पुस्तकांतून बोलणारा ससा आणि टोपी घातलेला उंदीर काढून टाकला, तर उरेल ते प्राणिशास्त्राचे रूक्ष पुस्तक, असे कोणी म्हणेल. कल्पनेवर बंदी घालावी असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की कल्पनेचा पाय निरीक्षणाच्या भूमीवर असावा. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेचे पीटर नावाच्या सशाचे पुस्तक पाहा. कोणी प्रकाशक मिळेना, तेव्हा तिने १९०१ साली त्याच्या २५० प्रती स्वतःच्या खर्चाने छापल्या. पुढे १९०२ साली ते रीतसर प्रकाशित झाले. या पुस्तकातील ससा निळे जाकीट घालतो. पण त्याचे कान, पाठीची कमान, बसण्याची ढब हे सारे अस्सल सशाचे आहे. लेखिकेने ससे पाळले होते आणि वर्षानुवर्षे त्यांची रेखाटने केली होती. बागेतून जीव घेऊन पळताना पीटरचे बूट निसटतात, तेव्हा तो चार पायांवर धावू लागतो आणि अधिक वेगाने धावतो. कपडे गळून पडले की आतून खरा ससा बाहेर येतो, हेच त्या पुस्तकाचे बळ आहे.

एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराचे १९६९ साली निघालेले खादाड सुरवंटाचे पुस्तकही असेच आहे. त्यातील सुरवंट जे पदार्थ फस्त करतो, ते खरा सुरवंट कधीच खाणार नाही, हे मुलालाही कळते आणि म्हणून ते हसते. परंतु अंड्यातून सुरवंट, सुरवंटाचा कोश आणि कोशातून फुलपाखरू हा क्रम त्याच्या मनात कायमचा राहतो. पानांना पाडलेल्या भोकांतून बोट घालताना ते जीवशास्त्रातील एक मोठे सत्य शिकत असते. कल्पना आणि सत्य यांचे हे सख्य असे सहज साधता येते.

हे सख्य जेथे साधत नाही, तेथे काय होते, याचाही अभ्यास झालेला आहे. टोरोंटो विद्यापीठातील पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तके वाचून दाखविली. काही पुस्तकांत प्राण्यांचे वर्णन जसेच्या तसे होते; काहींत ते माणसांसारखे वागत-बोलत होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की दुसऱ्या प्रकारची पुस्तके ऐकलेल्या मुलांनी प्राण्यांची खरी माहिती कमी ग्रहण केली आणि खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण अधिक प्रमाणात चिकटवले. यावरून बोलक्या प्राण्यांच्या गोष्टी वाईट ठरत नाहीत. गोष्ट कोणती आणि ओळख कोणती, हे मोठ्या माणसांनी वेगळे ठेवले पाहिजे, एवढाच बोध त्यातून घ्यायचा. 'असे खरेच होते का गं?' असे मुलाने विचारले, की 'ही गोष्ट आहे. खरा ससा बोलत नाही, पण धोका दिसला की मागचे पाय जमिनीवर आपटतो' असे सांगणारे कोणी तरी जवळ असले पाहिजे.

खरेपणा म्हणजे छायाचित्र, असाही समज करून घेऊ नये. मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात पाटणगड नावाचे गाव आहे. तेथील परधान गोंड चित्रकारांनी, विशेषतः जनगढसिंह श्याम यांनी घालून दिलेल्या वाटेने, भिंतीवरची आपली कला कागदावर आणली. त्यांच्या चित्रातील हरणाची शिंगे वाढता वाढता झाडाच्या फांद्या होतात आणि अंगावर ठिपक्यांची व रेषांची नक्षी उमटते. असे हरीण कोणत्याही अरण्यात नाही. तरीही त्या हरणाची सावध मान आणि उचललेला पाय पाहून कोणीही म्हणेल, की या चित्रकाराने हरीण पाहिले आहे. चेन्नई येथील तारा बुक्स या प्रकाशनसंस्थेने या कलावंतांची पुस्तके जगभर पोहोचविली. त्यांपैकी भज्जू श्याम यांनी लंडन शहराचे चित्रण केले, तेव्हा भुयारी रेल्वे त्यांना गांडुळासारखी दिसली आणि प्रसिद्ध घड्याळाचा मनोरा बांग देणाऱ्या कोंबड्यासारखा. ज्याने लहानपणी गांडूळ आणि कोंबडा नीट पाहिला आहे, त्यालाच एवढे मोठे शहर असे आपल्या मापाने मोजता येते. याच संस्थेने १९९७ साली काढलेल्या झाडावरील वाघाच्या पुस्तकात पुलक बिश्वास यांनी काळ्या व नारिंगी या दोनच रंगांत वाघाची सारी ऐट आणि सारी फजिती उभी केली आहे. भडक रंगांची रेलचेल म्हणजे चांगले चित्र नव्हे, हे पालकांनी अशा पुस्तकांवरून ओळखावे.

चित्रातील प्राणी जसा खरा असावा, तसा तो ओळखीचाही असावा. आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यांवर 'श' शहामृगाचा असतो. शहामृगाशी आपले वैर नाही. दूरचे जग मुलाला दिसलेच पाहिजे. पण ज्या मुलाला जिराफ, कांगारू आणि शहामृग यांची नावे तोंडपाठ आहेत, त्याला दारातील झाडावरची खार, भिंतीवरची पाल, तारेवर बसलेला कोतवाल आणि तळ्याकाठचा बगळा यांची नावे ठाऊक नसतील, तर आपल्या शिक्षणात कोठे तरी उणीव आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शिक्षणाची घडी बसवली, तेव्हा त्यांनी महागडी विदेशी साधने मागविली नाहीत. पाने, बिया, शिंपले, खडे अशा परिसरातील वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाची साधने केले. चित्रपुस्तकालाही हेच तत्त्व लागू पडते. राष्ट्रीय पुस्तक न्यास आणि बाल पुस्तक न्यास या दोन्ही संस्था १९५७ साली स्थापन झाल्या. त्यांनी आणि तुलिका, एकलव्य, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांसारख्या संस्थांनी भारतीय चित्रकारांकडून भारतीय मुलांसाठी चित्रपुस्तके करून घेतली, हे त्यांचे मोठे काम आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यासाने काढलेले मिकी पटेल यांचे रूपा हत्तिणीचे पुस्तक हे त्याचे एक सुंदर उदाहरण होय.

अनुवादित पुस्तकांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. युरोपातील गोष्टीतील तांबूस रंगाचा, शेपटीचे टोक पांढरे असलेला प्राणी मराठीत येताना 'कोल्हा' होतो. आपला कोल्हा वेगळा आहे. त्या युरोपीय प्राण्याचा आपल्या माळरानावरील जवळचा आप्त म्हणजे खोकड. ते लहानखुरे असते आणि त्याच्या शेपटीचे टोक काळे असते. चित्र एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, असे झाले की मूल दोघांनाही ओळखेनासे होते, आणि 'खोकड' हा चांगला मराठी शब्द मात्र विसरला जातो.

शब्दांचा हा विषय महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, तंजावर अशा अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरे नांदत आहेत. त्या घरांतील मुले शाळेत आणि रस्त्यावर वेगळी भाषा बोलतात. अशा मुलांपर्यंत घरची भाषा पोहोचविण्याचे एक अत्यंत सोपे साधन म्हणजे प्राण्यांचे चित्रपुस्तक. कारण चित्राला लिपी नसते. पुस्तक हिंदी असो, गुजराती असो वा तमिळ असो, त्यातील शेळीचे पिल्लू पाहून आईला 'हे बघ करडू' असे म्हणता येते.

आणि या एका विषयात मराठीची केवढी श्रीमंती साठवलेली आहे! गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू, हरणाचे पाडस, वाघाचा बछडा आणि सिंहाचा छावा. प्रत्येक आईच्या लेकराला वेगळे नाव आहे. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कुत्रा भुंकतो, कोंबडा आरवतो, कबूतर घुमते, वाघ डरकाळी फोडतो आणि मोराचा केकारव होतो. प्रत्येकाच्या आवाजाला वेगळा शब्द आहे. गोठा, तबेला, खुराडे, घरटे, बीळ, वारूळ, पोळे. प्रत्येकाच्या घराचेही नाव निराळे आहे. हे शब्द कोशात सुरक्षित आहेत. परंतु भाषा कोशात राहून जगत नाही, ती मुलांच्या तोंडी राहून जगते. 'गाईचे बाळ' आणि 'घोड्याचे बाळ' यांवर भागवून घेणारी पिढी वाढली, तर हे सारे धन एका पिढीत हरवेल.

दोन भाषांमध्ये वाढणाऱ्या मुलाला या पुस्तकांतून आणखी एक लाभ होतो. हिंदीतील 'बंदर' म्हणजे माकड. मराठीतील बंदरात मात्र जहाजे लागतात. हिंदीतील 'मेंढक' म्हणजे बेडूक. मराठीतील मेंढी लोकर देते. तमिळमध्ये माकडाला 'कुरंगु' म्हणतात. आपल्या जुन्या काव्यातील 'कुरंग' हे हरीण असते. चित्र एकच आणि नावे दोन, असे पाहिले की मुलाला गंमत वाटते, आणि एकाच वस्तूकडे दोन भाषा आपापल्या परीने पाहतात, हेही त्याला उमगते. अशा मुलाला दुसऱ्याची भाषा परकी वाटत नाही आणि स्वतःच्या भाषेची लाजही वाटत नाही.

यासाठी पैसे किती लागतात, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. जाड पुठ्ठ्याची रंगीत पुस्तके अनेक कुटुंबांना परवडत नाहीत, हे खरेच. परंतु सार्वजनिक संस्थांची पुस्तके स्वस्त असतात. वाचनालयांतून ती मिळू शकतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या माध्यमातून मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतात. शिवाय जुन्या दिनदर्शिकांतील आणि वर्तमानपत्रांतील प्राण्यांची चित्रे कापून, जाड कागदावर चिकटवून, दोऱ्याने शिवून घरीच पुस्तक तयार करता येते. प्रत्येक पानावर आईने किंवा आजोबांनी आपल्या हाताने प्राण्याचे नाव लिहावे. असे पुस्तक विकतच्या पुस्तकाहून कमी प्रतीचे नसते. त्यातील प्राणी कोणते असावेत, हे तर आपल्याच हाती असते.

शेवटी, पुस्तक कितीही चांगले असले तरी ते एकट्याने काम करीत नाही. मुलाच्या शेजारी बसून त्याच्या बोटाच्या दिशेने पाहणारे माणूस लागते. त्या माणसाने फार शिकलेले असण्याची आवश्यकता नाही. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले आणि जे मोठेपणी पुन्हा पुस्तक हाती घेत आहेत, त्यांनी तर संकोच मुळीच बाळगू नये. ज्या स्त्रीने गोठ्यात म्हैस धुतली आहे, ज्या माणसाने रानात मेंढरे राखली आहेत, त्यांना चित्रातील म्हशीविषयी आणि मेंढराविषयी जे सांगता येईल, ते पुस्तकाच्या लेखकालाही सांगता येणार नाही. चित्रात काही चुकले असेल, तर तेही तीच माणसे ओळखतील. 'या म्हशीची शिंगे अशी नसतात, चल, तुला खरी दाखवते' असे म्हणून एखादी आई मुलाला पुस्तकातून उठवून दाराबाहेर घेऊन गेली, तर त्या पुस्तकाचे काम पूर्ण झाले असे समजावे.

स्वाध्याय

१. 'वाचनाची सुरुवात पाटी-पेन्सिलीपूर्वी होते', असे लेखकाने का म्हटले आहे?

२. पंचतंत्रातील प्राणी आणि कोमेनियसच्या पुस्तकातील प्राणी यांत कोणता फरक आहे, ते थोडक्यात स्पष्ट करा.

३. 'कल्पनेचा पाय निरीक्षणाच्या भूमीवर असावा', या विधानाच्या समर्थनार्थ लेखात दिलेली दोन उदाहरणे लिहा.

४. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टींविषयी लेखकाचे मत तुम्हांला पटते का? आपले मत सकारण लिहा.

५. तुमच्या परिसरातील पाच प्राण्यांची किंवा पक्ष्यांची मराठी नावे, तसेच तेथील स्थानिक भाषेतील नावे लिहा. त्यांपैकी एकाचे वर्णन लहान मुलाला समजेल अशा भाषेत पाच-सहा वाक्यांत करा.